एकच मजकूर, तीन साहेब

मुन्शी सय्यद यासीनसाहेबांची आणि माझी ओळख झाली ती एका कागदामुळे, आणि तो कागद मला वाचता येत नव्हता. माहेरी मी मॅट्रिकपर्यंत शिकले, परंतु मराठी आणि थोडे इंग्रजी एवढेच. लग्न होऊन औरंगाबादेस आले तो इथल्या कचेरीचा सारा व्यवहार उर्दूत. सरकारी कागद हाती आला की शिकलेली मी आणि अक्षरशत्रू शेजारीण दोघी सारख्याच. आमच्या घरामागच्या मोरीवरून असाच एक कागद आला. आमचे यजमान म्हणाले, "औरंगपुऱ्यात एक मुन्शी आहेत. कचेरीत पेशकारी, म्हणजे साहेबापुढे कागद मांडायचं काम, करून आता घरीच असतात. त्यांच्याकडून वाचून घेऊ." घरातले कागदपत्र आणि जमाखर्च मी सांभाळते, म्हणून मीही बरोबर गेले.

ओट्यावर स्वच्छ सतरंजी, पुढ्यात उतरत्या झाकणाची लाकडी पेटी, आणि तिच्यामागे पांढरीशुभ्र दाढी राखलेले मुन्शीसाहेब. त्यांनी कागद एकदा वाचला, उलटा करून पाठ पाहिली, पुन्हा वाचला.

"काय लिहिलंय?" यजमानांनी विचारले.

"लिवलंय ते सांगतो. पण त्याआधी एक आइका. ह्यो माणूस चिडलेला नाय. घाबरलेला हाय."

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू लागलो. परक्या पुरुषासमोर बोलायची माझी रीत नव्हती, तरी तोंडून निघून गेलेच, "कशावरून?"

मुन्शीसाहेबांचा चेहरा एकदम उजळला. असा प्रश्न त्यांना फार दिवसांत कुणी विचारला नसावा. कागद माझ्याकडे वळवून ते म्हणाले, "वहिनी, हे बघा. इथं, इथं आन् इथं, एकच गोष्ट त्यानं फिरून फिरून लिवली. चिडलेला माणूस एकदाच लिवतो आन् मोकळा होतो. ह्याला वरनं कुणी तरी इचारलंय, आन् ह्याच्यापाशी जवाब नाय. आपुन त्याला जवाब देऊ, तो वर धाडंल."

मग त्यांनी चार ओळींचे उत्तर लिहिले. मोरी कोणत्या दिशेला वाहते, तिच्यावर झाकण कधी बसेल आणि ते कोण बसवील, एवढेच. त्या अधिकाऱ्याला खालीवर एक शब्द न बदलता ते पुढे पाठवता येण्यासारखे होते. मोरीचे प्रकरण तिथेच मिटले. माझे कुतूहल मात्र तेव्हा जे सुरू झाले ते आज मुन्शीसाहेबांच्या साठीपर्यंत मिटलेले नाही. कागद वाचून माणूस कसा कळतो? आणि माणूस कळल्यावर त्याला कसे लिहायचे हे कोण सांगते?

या गौरवग्रंथात वकीलमंडळी आणि शिक्षकमंडळी मुन्शीसाहेबांच्या फारसीबद्दल, सुंदर अक्षराबद्दल, कचेरीतल्या प्रामाणिक नोकरीबद्दल अधिकाराने लिहितील. मला तो अधिकार नाही. मला जे दिसले तेवढेच मी लिहिणार आहे.

मुन्शीसाहेब मूळचे करमाडचे. त्यांचे उर्दू लिखाण दरबारात वाचावे असे, आणि बोलणे ऐकावे तर शेतातून आत्ताच घरी आलेल्या माणसाचे. "लई", "व्हय", "नाय" हे शब्द त्यांनी शहरात राहूनही सोडले नाहीत. कुणी शहरी माणसाने त्यावरून चेष्टा केली तर ते म्हणत, "कलम सरकारची हाय, जबान आईची हाय." अर्ज लिहायला येणारी गरीब माणसे त्यांच्यासमोर मोकळी होत ती या बोलण्यामुळेच. आणि माणूस मोकळा झाल्याशिवाय मुन्शीसाहेब कलम उचलत नसत.

एकदा मी आमच्या घरचा कागद घेऊन गेले असता पडेगावची सखूबाई नावाची धनगरीण ओट्याच्या पायरीवर बसून रडत होती. तिच्या शेळ्या कुणाच्या तरी रानात शिरल्या म्हणून कोंडवाड्यात घातल्या होत्या. तिला वाटत होते की मुन्शीसाहेबांनी रानवाल्याला चार शिव्या लिहाव्यात. मुन्शीसाहेब तिला भलतेच काही विचारत बसले.

"कोंडवाड्याचा दरोगा कसा हाय गं?"

"कसा म्हंजी? मिशावाला हाय."

"मिशा ऱ्हाऊ दे. शेळ्यास्नी चारा टाकतो का?"

"टाकतो की. लई जीव लावतो जनावराला. माणसावर वसकतो."

"बरं. घरी करडू हाय का?"

"हाय. आई कोंडवाड्यात आन् ते घरी बोंबलतंय."

"खरंच हाय ना? नसंल तर मी लिवणार नाय."

"अवो हाय म्हन्ते ना! आणून दावू का तुमच्या वट्यावर?"

"नको, नको," मुन्शीसाहेब घाईने म्हणाले, "आमची बेगम मला करडासकट भायेर काढंल."

रानवाल्याचे नावसुद्धा त्या अर्जात नव्हते. दोन ओळी होत्या. शेळ्या शिरल्या ही चूक कबूल, आणि करडू दुधावाचून आहे. सखूबाई दुसऱ्या दिवशी शेळ्या हाकत औरंगपुऱ्याच्या गर्दीतून मुद्दाम वाट वाकडी करून आली. मुन्शीसाहेबांना दाखवायला तिने करडू काखेत धरून आणले होते. त्यानंतर घरात काय झाले ते मला ठाऊक नाही.

अशा गोष्टी पाहून माझ्या मनात एक शंका राही. देवाधर्माच्या घरात वाढलेली मी, खरे बोलावे हे लहानपणापासून ऐकत आलेले. प्रत्येकाचा स्वभाव पाहून प्रत्येकाला निराळे लिहायचे, तर मग त्यात खरे कुठे राहते? ही शंका मी मनातच ठेवली असती. पण आमच्या यमुनाकाकूंना शंका मनात ठेवणे माहीत नाही, आणि त्यामुळेच पुढचे सगळे घडले.

यमुनाकाकू आमच्या मुलींच्या मराठी वर्गाच्या संस्थापिका. लहान वयात वैधव्य आले, तेव्हापासून त्यांनी स्वतःला या कामाला वाहून घेतले. त्यांच्याच घराच्या पुढच्या दोन खोल्यांत वर्ग सुरू झाला. हिशेब लिहायला त्यांनी मला बोलावले. वर्ग वर्षभर चालला, मुली वाचू लागल्या. मोठ्या मुली तर घरी आईला पोथी वाचून दाखवू लागल्या. आणि मग एके दिवशी वर्ग बंद ठेवण्याचा हुकूम आला. खासगी शाळेला सरकारी मंजुरी लागते आणि ती आम्ही घेतलेली नव्हती.

लहान मुली घरी बसल्या तर उशिरा का होईना परत येतील. मोठ्यांचे तसे नव्हते. त्या वयाच्या मुली घरी दिसू लागल्या की नातेवाइकांना स्थळे आठवतात. उन्हाळ्याच्या आत वर्ग उघडला नाही तर त्यातली एकही परत यायची नाही, हे काकूंनाही कळत होते आणि त्या मुलींनाही. एक मुलगी तर रोज काकूंच्या दारावरून पाण्याला जायची आणि कुलूप पाहून जायची.

मंजुरीसाठी तिघांकडे अर्ज करावे लागत. तालीम खात्याचे मोहतमीमसाहेब, म्हणजे शिक्षणावर देखरेख करणारे, जागा पाहणारे बलदियाचे, म्हणजे नगरपालिकेचे, साहेब, आणि ज्यांचा शब्द अखेरचा ते जिल्ह्याचे तालुकदारसाहेब. काकूंनी आधी स्वतःच एक लांबलचक, तापट अर्ज मराठीत लिहिला आणि उर्दूत करून घ्यायला मला बरोबर घेऊन मुन्शीसाहेबांकडे आल्या. "याच्या तीन नकला करा. तिघांना एकच जाऊ दे," त्या म्हणाल्या.

मुन्शीसाहेबांनी तो वाचायला लावला. मी वाचला. ऐकून ते म्हणाले, "काकू, अर्ज फस्क्लास हाय. पण ह्यो वाचणार कोण? मोहतमीमसाहेब घाईचा माणूस. त्यांचे जवाब मी बघितलेत, एका शब्दाच्या वर जात नायती. ते पहिली ओळ वाचतील आन् बाजूला ठेवतील. बलदियाचे साहेब सावध. त्यांना माप पायजे, नकाशा पायजे, आधी कुणाला मंजुरी दिली ते पायजे. तालुकदारसाहेब खानदानी. ईदेच्या दिवशी त्यांच्या घरी गेलो व्हतो. लई मिठास माणूस. शेर आइकतात, आमराईच्या गोष्टी सांगतात. त्यांना जरा अदबीनं, ऐसपैस लिवलं पायजे."

"म्हणजे एका वर्गाची तीन तोंडं," काकू म्हणाल्या. "रावणाला दहा होती. तुम्ही तिनावर भागवलंत, उपकारच."

मुन्शीसाहेब हसले. "काकू, तुम्ही वर्गात धाकटीला आन् थोरलीला एकच गणित एकाच रीतीनं सांगता व्हय?"

"गणिताचं निराळं. गणितात मी कुणाची स्तुती करत नाही."

वाद वाढला तो दुसऱ्याच गोष्टीवर. वर्षभर मंजुरीवाचून वर्ग चालला, ही गोष्ट मुन्शीसाहेबांना तिन्ही अर्जांत हवी होती. एवढ्या कडक काकू, पण तिथे त्यांचाही धीर सुटला. "ते आपण होऊन कशाला सांगायचं? विचारलं तर सांगू."

"लहजा, सांगायची तऱ्हा, मी तुम्ही म्हणाल तेवढी बदलंन," मुन्शीसाहेब म्हणाले, "पण ही बात काढायची आसंल तर कलम दुसऱ्याच्या हाती द्या." आणि त्यांनी खरोखरच कलम पुसून पेटीत ठेवली. शेवटी काकूंना मान्य करावे लागले.

अर्ज तयार झाले. मुन्शीसाहेबांनी ते मला मराठीत समजावून सांगितले. मोहतमीमसाहेबांचा एका पानाचाही नव्हता. पहिल्या ओळीत मागणी, दुसऱ्या ओळीत मंजुरीवाचून चाललेल्या वर्षाची कबुली, मग शिकवणाऱ्या बाईंचे नाव आणि सही. बलदियाच्या अर्जात खोल्यांची मापे, खिडक्या, विहीर, मोरी आणि कशाला कोण जबाबदार हे सगळे ओळीने. तालुकदारसाहेबांचा अर्ज तीन पानी. मला उर्दू येत नसूनही तो ऐकत राहावासा वाटला. त्यात बाग होती, माळी होता, कळ्यांना पाणी घालणारा हात होता, आणि काकूंचे आयुष्य अशा शब्दांत होते की काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मी एवढी काही नाही हो."

त्यानंतर काकूंनी जे केले ते त्यांच्याशिवाय कुणी केले नसते. तीन निराळे अर्ज त्यांच्या मनाला खात होते. मुन्शीसाहेबांना न सांगता त्यांनी पहिल्या दोन अर्जांचे कच्चे खर्डे तालुकदारसाहेबांच्या लखोट्यात घालून दिले. सोमवारी देवळात प्रदक्षिणा घालता घालता त्यांनी मला हे सांगितले, तेव्हा माझ्या हातातले बेलाचे पान खाली पडले.

"काकू, मुन्शीसाहेबांना विचारलंत तरी का?"

"विचारायचं काय त्यात? वरच्या माणसाला खाली काय लिहिलंय ते कळायला हवं. लपवल्याचा ठपका नको. आणि सगळं खरंच आहे ना?"

मोहतमीमसाहेबांचे उत्तर लवकर आले, एका शब्दाचे, होकाराचे. बलदियाने आणखी प्रश्न विचारले, उत्तरे गेली, तिथूनही हरकत नाही असे आले. तालुकदारसाहेबांकडून मात्र मंजुरी आली नाही. बोलावणे आले. अर्ज लिहिणाऱ्यासह हजर व्हावे.

टांग्यात काकूंनी मुन्शीसाहेबांना खर्ड्यांची गोष्ट सांगितली. मला वाटले आता ते टांगा थांबवून उतरतील. ते फक्त टांगेवाल्याला म्हणाले, "जरा दमानं घे बाबा. मला इचार करायचाय."

कचेरीत आम्हां दोघींसाठी बांबूच्या चिकाचा पडदा सोडून आत खुर्च्या ठेवल्या होत्या. पडद्याच्या काड्यांमधून मला तालुकदारसाहेब दिसत होते. वयस्क, गोरे, हातात चश्मा. मुन्शीसाहेब समोर उभे. टेबलावर आमचे तिन्ही कागद एकाशेजारी एक मांडलेले.

"ये तीनों आपने लिखे?"

"जी हुजूर."

"एक मदरसा, तीन खत. मोहतमीमसाहब को जैसे तार भेजा. बलदिया को जैसे नक्शा भेजा. और मुझे..." त्यांनी तीन पाने बोटांवर तोलली, "मुझे जैसे शादी का रुक्का."

लग्नाचे निमंत्रण ऐकून दारातला पट्टेवाला तोंड फिरवून हसला. तालुकदारसाहेब हसत नव्हते. ते म्हणाले, हा अर्ज मला इतका आवडला की मी तो घरी नेऊन बेगमसाहिबांना वाचून दाखवला. मग लखोट्यात खाली हे दोन निघाले. "तब मालूम हुआ, ये दर्जी का काम है. सबका नाप लिया है."

"नाप लिया है हुजूर. कपडा वही है."

"वही है?" तालुकदारसाहेबांनी बोट ठेवले. मोहतमीमसाहेबांच्या अर्जात बिनामंजुरीच्या वर्षाची गोष्ट दुसऱ्या ओळीत होती. त्यांच्या स्वतःच्या अर्जात ती तिसऱ्या पानावर होती, बागेच्या आणि माळ्याच्या नंतर. "मेरे खत में ये बात गुलाबों के नीचे दबी पडी है. मुझे मीठा पसंद है, तो क्या कडवी बात मुझे आखिर में मिलेगी?"

माझ्या मनातली शंका मी कधी कुणाला बोलून दाखवली नव्हती, आणि इथे ती एका मोठ्या अधिकाऱ्याच्या तोंडून येत होती. मुन्शीसाहेब आता काय म्हणतील याकडे माझा जीव लागला. पेशकारी केलेल्या माणसाला सबब सुचली नसती असे नाही. ते म्हणाले, "गलती हुई हुजूर. मैंने आपको दीवानखाने में देखा था. कचहरी में नहीं देखा था."

तालुकदारसाहेबांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "यहीं बैठिए और लिखिए. ऐसे, जैसे मुझे कभी देखा ही न हो."

मुन्शीसाहेब स्टुलावर बसले, कलम दौतीत बुडवली आणि थांबले. सखूबाईच्या दरोग्याला न पाहता लिहिणारा हा माणूस, पण त्या दरोग्याबद्दलही त्यांनी आधी विचारून घेतले होते. समोरचा कोण, कसा, हे न धरता लिहिणे त्यांनी आयुष्यात केलेच नव्हते. कलमेची शाई वाळली. त्यांनी पुन्हा बुडवली. ती पुन्हा वाळली. मला उठून जावेसे वाटू लागले. वर्ग गेला, हे मी मनाशी धरले.

तेवढ्यात काकूंनी पडदा बाजूला सारला आणि त्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. "मुन्शीजी, मी सांगते. तुम्ही लिहा."

आणि तालुकदारसाहेबांकडे पाहून त्या मराठीतच बोलू लागल्या. "साहेब, वर्षभर मंजुरी न घेता शिकवलं, ते माझ्या सांगण्यावरून. बाकीच्या बायकांकडे दोष नाही. मंजुरी मागावी लागते हे मला ठाऊक होतं. मिळणार नाही असं वाटलं, म्हणून मागितली नाही."

मुन्शीसाहेबांनी मान वर केली. "काकू, हे लिवू?"

"लिहा."

त्यांनी लिहिले.

"आता मुली वाचायला लागल्यात. उन्हाळ्यापर्यंत वर्ग बंद राहिला तर मोठ्या मुली परत यायच्या नाहीत, त्यांची लग्नं होतील. शिक्षा करायची ती मला करा. वर्ग उघडू द्या."

मुन्शीसाहेबांनी उर्दूत उतरवलेला कागद पाव पानाचा झाला. तालुकदारसाहेबांनी चश्मा लावून तो वाचला, मग पुन्हा वाचला.

"इसमें सलाम नहीं है," ते म्हणाले.

"काकूंनी केला नाय, हुजूर," मुन्शीसाहेब बोलून गेले, भर कचेरीत, करमाडच्या मराठीत.

तालुकदारसाहेब मोठ्याने हसले. त्यांनी त्याच कागदावर मंजुरी लिहिली. रोज एक तास उर्दू शिकवावी अशी अट घातली. "पढाएगा कौन?" असे विचारून त्यांनी स्वतःच मुन्शीसाहेबांकडे कलम रोखली. "ये. दर्जी साहब."

वर्गाचे कुलूप दुसऱ्याच दिवशी निघाले. मोठ्या मुलींपैकी एकीचे लग्न ठरून गेले होते, ती काही आली नाही. काकू अजून तिचे नाव काढतात. बाकीच्या आल्या.

मुन्शीसाहेबांबद्दल मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो या कचेरीनंतरच्या त्यांच्या वागण्याबद्दल. ते काकूंवर रागावले असते तर कुणी नावे ठेवली नसती. त्यांनी तर ही हकीकत स्वतःच गावभर सांगितली, आणि सांगताना दर वेळी स्वतःवरच हसले. त्या दिवसापासून त्यांनी आपली रीत बदलली. अर्ज कुणालाही असो, कडवी गोष्ट आता पहिल्या ओळींत येते. बाकीचे मात्र ते अजूनही माणूस पाहूनच लिहितात. "आन् माणसाला एका जागी बघून भागत नाय," ते म्हणतात. "घरी एक असतो, खुर्चीत दुसरा, आन् दात दुखत असला की तिसरा."

वर्गात उर्दूच्या तासाला ते मुलींना हेच शिकवतात. एकच मजकूर तिघांना लिहायचा. आजीला, वैद्यांना आणि स्टेशनमास्तरला. मुली आधी हसत, आता मोठ्या उत्साहाने भांडतात. आजीला आधी काय सांगावे, वैद्यांना काय गाळावे, स्टेशनमास्तर उतावळे असतील की आळशी. मुन्शीसाहेब पाटीवरून नजर फिरवून विचारतात, "कडवी बात कुठं हाय?" ती खाली सापडली की पाटी पुसायची. काकू दारात उभ्या राहून ऐकतात आणि म्हणतात, "सरळ एकच लिहावं, ज्याला वाचायचंय तो वाचेल." मग पुन्हा वाद. एकदा मी मुन्शीसाहेबांना विचारले, दोघांत खरे कोणाचे? ते विचार करून म्हणाले, "काकूंचं निम्म्या वख्ताला बरोबर असतं वहिनी. कोणत्या निम्म्या, ते मला आजून कळलं नाय."

त्यांच्या घरच्या जिव्हाळ्याविषयी न लिहिणे हा कृतघ्नपणा होईल. माझे सोवळेओवळे कडक आहे. शेजारधर्म म्हणून ईदेला घरोघर शीरखुर्मा जातो, तेव्हा आमच्याकडे काय करावे असा प्रश्न त्यांना पडला असेलच. पहिल्याच वर्षी त्यांच्याकडून कोऱ्या शेवया, खारका, चारोळी आणि साखर निरनिराळ्या पुड्यांत आली, आणि निरोप आला, "तुमच्या चुलीवर, तुमच्या रीतीनं." मी त्याचा शीरखुर्मा करून देवाला नैवेद्य दाखवला आणि सगळ्यांना वाढला. मी आभार मानायला गेले तर मुन्शीसाहेबांच्या पत्नी अमीनाबी म्हणाल्या, "इनो नै भेजे, मैं भेजी." म्हणजे पाठवणाऱ्या त्या होत्या; माणूस ओळखण्याची विद्या त्या घरात दोघांकडे आहे.

हा लेख लिहायचा ठरला तेव्हा मला प्रश्न पडला, सगळ्यांच्या स्वभावाला जुळेल असे लिहिणाऱ्या मुन्शीसाहेबांना स्वतःला कसे लिहिलेले आवडते? थोडक्यात की ऐसपैस? मी अमीनाबींना विचारले. त्या सुपारी कातरत होत्या.

"मेरे को क्या मालूम," त्या म्हणाल्या. "सारी दुनिया को खत लिखते, मेरे को खाली 'चाय' बोलते. इनको कोई लिखा तो मालूम होना ना!"

आतून मुन्शीसाहेबांचा आवाज आला, "अगं, चाय."

"देखे?" अमीनाबी म्हणाल्या.

तेव्हा मी माझ्याच रीतीने लिहिले आहे. लांबले असल्यास मुन्शीसाहेबांनी मन मोठे करावे.

परमेश्वर त्यांना भरपूर आयुष्य देवो, त्यांची नजर शाबूत राहो, हात स्थिर राहो, ओट्यावर माणसे येत राहोत आणि अमीनाबींची सोबत अखंड असो. माझी देवाकडे आणखी एक मागणी आहे. त्या दिवशी काकूंनी उघडून घेतलेल्या वर्गातली एखादी मुलगी पुढे कधीतरी अशाच एखाद्या कचेरीत मोठ्या खुर्चीवर बसो. कुणा गरिबासाठी तिला अर्ज लिहिण्याची वेळ मुन्शीसाहेबांवर येवो. आणि कलम हातात धरून, ही बाई खुर्चीत बसल्यावर कशी असेल बरे, असा विचार करत ते त्या वेळी ओट्यावर बसलेले असोत.

सौ. मथुराबाई
हिशेबनीस, मुलींचा मराठी वर्ग, औरंगाबाद